शेवंतीला डाळ दाखवू नये

२०१७ साली आमच्याकडे दोन पाय दुरुस्तीला आले होते. एक माझ्या नवऱ्याचा, विष्णुपंतांचा. अंबरनाथातच गुडघा बदललेला. दुसरा शेवंतीचा, पुढचा उजवा. शेवंती म्हणजे मोरिवलीच्या चंदरची पांढरी घोडी. उल्हासनगरातले कितीतरी नवरदेव तिने पाठीवर मिरवले, आणि अशाच एका वरातीत नाचता नाचता तिच्या पायाची शीर दुखावली.

माझी भाची अनुया जनावरांची फिजिओथेरपी करते. बदलापूरहून स्कूटीवर यायची, शेवंतीच्या पायाला मशीन लावायची आणि परत जाताना काकांचा गुडघाही वाकवून बघायची. घोडी निमूट उभी राहायची. काका मात्र गल्लीला ऐकू जाईल असे कण्हायचे.

मशीनचं काम संपलं, आता खरी मेहनत होती. रोज सकाळी सपाट, कडक जमिनीवर सरळ चालवायचं, घाई करायची नाही. मग जमिनीवर बांबू टाकून त्यांवरून एकेक पाय उचलायला लावायचा, आणि सगळ्यात शेवटी दुडकी. ह्यांच्या डॉक्टरांनीही ह्यांना जवळपास हेच सांगितलं होतं, दुडकी सोडून. पण कंपनीतून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला माणूस खुर्चीतून उठायचा तो चहा गार आहे हे सांगायला.

तिकडे चंदरही चालढकल करत होता. आज अंगात कणकण, उद्या जत्रा. अनुया वैतागली तेव्हा मी ह्यांच्या कानावर घातलं, की घोडीच्या ट्रेनिंगला काही शिस्तच नाही, कुणी देखरेख करणारं नाही. दुसऱ्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून स्वारी मोरिवलीच्या मैदानात हजर. घोडीला चालवायचं म्हणजे शेजारून स्वतः चालावं लागतं, हे ह्यांच्या लक्षात आलं तोवर गुडघा सुटायला लागला होता. घोडी बांबू ओलांडायची, पाठोपाठ हे. मी थर्मास घेऊन बसायची आणि हसू पदरात दाबायची.

शेवंती सुधारत चालली, तसा चंदरचा चेहरा उतरत चालला. एकदा चहा घेताना त्याने मन मोकळं केलं. त्याच्या मुलाने, प्रीतमने, माथेरानच्या एका घोडेवाल्याला शब्द दिला होता. घोडी सरळ चालायला लागली की ती माथेरानला जाणार, पर्यटक पाठीवर घेऊन चढउतार करायला. चढण ह्या पायाला झेपणार नाही, असं अनुयाने प्रीतमला सांगितलं होतं. ते घेणाऱ्याने बघावं, असं प्रीतम म्हणाला.

"घोरी बरी झाली का जाते बगा, काकू," चंदर म्हणाला. "मंग मी कशाला घाई करू?"

त्याच आठवड्यात ह्यांना आपल्या विद्यार्थिनीचं कौतुक करायची हुक्की आली. ताकद यावी म्हणून स्टीलच्या वाटीतून भिजवलेली चण्याची डाळ घेऊन गेले. शेवंतीने डाळ खाल्ली, मान ताठ केली आणि जागच्या जागी ठुमकायला लागली. दोरी ह्यांच्या मनगटाला गुंडाळलेली. नवा गुडघा घेऊन हेही ठुमकले. चंदर आणि त्याची बायको तुळशी पोट धरून हसत बसली, सोडवायला कुणी जाईना. मग तुळशीने सांगितलं. उल्हासनगरच्या वरातींत निघायच्या आधी नवऱ्या मुलाची बहीण घोडीला ओली डाळ भरवते आणि लगेच बँड सुरू होतो. शेवंतीच्या लेखी डाळ खाल्ली की ड्युटी सुरू.

मी तुळशीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. अनुयाला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की थोडी नाचली तर पायाला काही होईल का. जागच्या जागी ठुमकली तर काही होत नाही, चढण तेवढी नको, असं ती म्हणाली. वर, "मावशी, तू काय शिजवते आहेस?" असंही म्हणाली.

घोडेवाला आला त्या सकाळी शेवंती रेषेवरून चालावी तशी चालली. बांबू ओलांडले, दुडकी मारून दाखवली. ह्यांना आमचा बेत ठाऊक नव्हता. ते आपले अभिमानाने घोडीचे गुण सांगत सुटले, आणि घोडेवाला मान डोलवत होता. प्रीतमचा चेहरा फुलला. चंदर कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला.

तेवढ्यात तुळशी हळदकुंकू आणि डाळीची थाळी घेऊन आली. घरातली लेक सासरी चालली, रिकाम्या तोंडी कशी धाडू, असं म्हणाली. ह्याला कोण नाही म्हणणार? शेवंतीने डाळ खाल्ली आणि वरात निघाली. घोडेवाला दोन पावलं मागे सरकला. ही नेहमी असं करते का, त्याने विचारलं.

"छे, छे," हे म्हणाले, "फक्त चण्याची डाळ दिली तरच."

ह्या माणसाला खरं बोलायची भारी हौस. पण घोडेवाल्याने थाळीकडे पाहिलं, मग घोडीकडे, आणि प्रीतमला बाजूला न घेताच बोलला.

"वर येतो तो प्रत्येक पाहुणा घोड्याला चणे-डाळ चारतो, शेठ. कड्याच्या तोंडाशी हिने बँड लावला तर पाहुणा खाली जाईल आणि मी आत."

तो गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

प्रीतम वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. आता त्याचं स्वतःचं मंडप-डेकोरेशन आहे आणि फोटोसाठी दारात शेवंती उभी करायची कल्पना आपलीच होती, असं तो सांगतो. अनुयाने बदलापूरला जनावरांचा दवाखाना काढला. चंदर गेला, शेवटपर्यंत घोडीला सकाळी चालवत होता, घाई न करता. विष्णुपंत गेले त्याला तीन वर्षं झाली. गुडघा मात्र शेवटपर्यंत ठणठणीत, आणि ते श्रेय त्यांनी शिट्टीला दिलं.

शेवंती म्हातारी झाली. तिच्यासमोर डाळ आणायची नाही, असा तुळशीने नियम केलाय. पण मी गेले की ती माझी पिशवी हुंगते, आणि तुळशीची पाठ वळली की माझ्या पिशवीत असतेच थोडी.