अजून हिरवंच

तोंडात कपड्यांचे तीन चिमटे धरले होते म्हणून बरं, नाहीतर ती ओरडलीच असती. ओली चादर दोरीवर टाकायला ती पुढे सरकली, सहज खाली बघितलं, तर तिच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर आणखी एक पाऊल. पिवळं. हिरव्यागार गवतात कुणीतरी कोरून काढावं तसं: टाच, मधला बाक, पाचही बोटं. अनवाणी.

तिने चिमटे हातात घेतले आणि वाकून त्यावर बोट फिरवलं. धूळ नव्हती, रंग नव्हता, पुसलं जाईना. गवतच तेवढं मेलं होतं, पार मुळापासून, आणि शेजारची पाती आपल्या गावीच नाही अशी डोलत होती. मग दोन हात मागे तिला दुसरं पाऊल दिसलं. मग तिसरं.

"आई, कोण आलं?" मागच्या दाराच्या पायरीवरून बुटकीने विचारलं. बुटकी म्हणजे तिची चार वर्षांची लेक. नाव चांगलं लांबलचक ठेवलेलं, पण त्या नावाने हाक मारली तर पोरगी मान वळवायची नाही.

"कुणी नाही. तू खाली उतरू नकोस."

"पाय खाजतायत माझे."

"मग तर नकोच उतरू. संध्याकाळी मलम लावू."

कुंपणापलीकडे शिंपीणमावशीचं मशीन थांबलं. मावशीचं असंच होतं, या अंगणात कुणी शिंकलं तरी तिकडे मशीन थांबायचं. गळ्यात टेप, कानामागे खडू, अशी ती कुंपणातल्या फटीतून आत आली, पावलांभोवती एक फेरी मारली आणि उकिडवी बसली.

"पाहुणे येऊन गेलेले दिसतायत. चहा तरी दिलास का?"

"मावशी, चेष्टा नको ना. मला भ्या वाटतंय."

"भ्यायचं काय त्यात? माप घेऊ की." तिने टेप काढून टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरली. "पावणेनऊ इंच. बाईमाणूस आहे. नवऱ्यावर नजर ठेव हो."

"त्यांच्यावर कोण नजर टाकतंय? दिवसभर पाठीवर पंप घेऊन फिरतात, जवळ गेलं तर नाक धरावं लागतं."

दोघी हसल्या. पण हसता हसता तिचं लक्ष गेलं आणि तिचं हसू तिथेच विरलं. पावलं फाटकाकडून आली नव्हती. कुंपणाकडूनही नाही. ती मागच्या दारातून निघाली होती आणि थेट दोरीपाशी गेली होती. परत फिरलेलं एकही पाऊल नव्हतं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा ती पायरीवरच वाट बघत होती. तो बागांमध्ये, शेतांच्या बांधांवर, रस्त्याच्या कडेला तण मारायची फवारणी करायचा. त्या कामातला माणूस, म्हणून घरात त्याचे नियम कडक. बूट फाटकाबाहेर. फाटकाजवळच्या नळावर हात कोपरापर्यंत धुवायचे, मग तोंड, मग पुन्हा हात. अंगातली डांगरी, गळ्यापासून पायापर्यंतचा तो एकसंध कपडा, मोरीत उतरवायची, आंघोळ करायची आणि तोवर कुणी शिवायचं नाही. बुटकीला तो खेळच वाटायचा. बाप दिसला की ती दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीला चिकटून उभी राहायची आणि तो लांबून वळसा घालून जायचा. जाता जाता म्हणायचा, "बुटके, लांब. अजून शिवायचं नाही."

त्या दिवशी तिने त्याला मोरीकडे जाऊच दिलं नाही. "अहो, आधी हे बघा."

त्याने बघितलं. खूप वेळ बघितलं. नखाने एक पातं उपटलं, मोडलं, वास घेतला.

"औषध आहे," तो म्हणाला. औषध म्हणजे तेच, तण मारायचं. तो आणि त्याच्यासोबतचे सगळेच त्याला औषध म्हणायचे. "पायाला औषध लागलेलं कुणीतरी इथून चाललंय."

"तुम्ही?"

"माझं काय आहे यात? दहा नंबरचा बूट माझा, आणि तो फाटकाच्या आत येत नाही. पाच वर्षांत एकदा तरी आलाय का, सांग." त्याला लागलंच ते. "कुणीतरी मुद्दाम केलंय. आणि आज नाही केलेलं. आठ दिवस तरी झाले असतील."

"आठ दिवस? अहो, मी रोज येते इथे. काल तर काही नव्हतं."

"काल दिसत नव्हतं. औषध लगेच दिसत नाही गं. पानातून आत शिरतं, हळूहळू मुळापर्यंत उतरतं. जास्त लागलं तर आठ दिवस, थोडं लागलं तर पंधरासुद्धा. तोवर गवत हिरवंच. त्याला कळतच नाही आपण मेलोय ते."

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला, रोजच्या कामातली गोष्ट सांगावी तसं, आणि आंघोळीला गेला. ती मात्र तिथेच उभी राहिली आणि एवढ्याशा अंगणातलं सगळं हिरवं गवत तिला एकदम परकं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावलं अकरा झाली होती.

तिने बुटकीला घरात घेतलं आणि मागच्या दाराची कडी लावली. पोरीला अंगण म्हणजे जीव की प्राण. कोपऱ्यातल्या झाडाला बापाने टायरचा झोका बांधून दिला होता, तो खिडकीतून दिसायचा, आणि बुटकी खिडकीला नाक लावून त्याच्याकडे बघत बसायची. बुटकीला काय काय सांगून झालं: ऊन आहे, मुंग्या आहेत, मांजर येतं. खरं काय ते आईलाच कुठे ठाऊक होतं? आपल्या घरातून कुणीतरी बाई अनवाणी निघते, आपल्या दोरीपर्यंत जाते आणि तिथून नाहीशी होते, हे चार वर्षांच्या पोरीला कसं सांगायचं? भांडी घासताना दोनदा तिने मागे वळून बघितलं. मोरीत पाणी टपटपलं तरी ती हातातलं भांडं खाली ठेवून कान द्यायची. एकदा तर तिने मोरीचं दार उघडून आत कोण आहे ते बघितलं. आत कोण असणार? बादली, मोठं घमेलं, आणि खुंटीला नवऱ्याची दुसरी डांगरी.

शनिवारी सकाळी खिडकीतून बुटकीचा आवाज आला.

"आई, बाबा बाहेर झोपलेत."

"बाबा कामावर गेलेत, बाळा."

"नाही. ते बघ ना, झोपलेत."

ती पुसणं हातात घेऊनच खिडकीशी आली. दोरीखाली गवतात माणूस पडला होता. पालथा की उताणा ते कळत नव्हतं, कारण त्याला तोंड नव्हतं, डोकंच नव्हतं. खांदे होते, पसरलेले दोन हात होते, फाकलेले दोन पाय होते. सगळा फिकट पिवळा. आणि ती अकरा पावलं सरळ त्याच्या खांद्याशी जाऊन थांबली होती.

"मावशी," तिने खिडकीतूनच हाक मारली. मग पुन्हा मारली, जोरात.

शिंपीणमावशी आली, तशी तीही चप्पल घालून बाहेर गेली. या वेळी मावशीने चेष्टा केली नाही. त्या माणसाच्या बाजूने सावकाश चालत गेली, डाव्या हातापाशी थांबली, टेप काढली, हात मोजला, मग उजवा मोजला आणि टेप तशीच हातात लोंबकळत ठेवून उभी राहिली.

"काय झालं, मावशी?"

"डावी बाही दीड इंच मोठी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ही मी शिवलीय. पंपाचा दांडा मारताना डावी बाही वर चढते म्हणून तुझ्या नवऱ्याने मुद्दाम वाढवून मागितली होती. ही बघ काखेतली कळी. ही कंबर." मावशी बोलता बोलता हवेत बोटाने शिवण काढत होती. "माणूस कुठला, ही डांगरी आहे बाई. इथे वाळत घातली होतीस का कधी?"

"छे. दोरी असताना गवतावर कशाला घालू?" असं ती म्हणाली आणि म्हणतानाच तिची नजर वर गेली. दोरी निळी होती. नवी.

जुनी दोरी गेल्याच्या गेल्या बुधवारी तुटली होती. त्या दिवशी नवऱ्याच्या पाठीवरचा पंप झाकणातून गळला होता, डांगरी मानेपासून टाचेपर्यंत भिजली होती. मोरीतून त्याने ओरडून सांगितलंही होतं, आज जरा नीट धू. मग तिने नीटच धुतली होती. डांगरी ओली झाली की दगडासारखी जड, हाताने चोळवत नाही, म्हणून ती नेहमी घमेल्यात घालून पायाने तुडवायची. त्या दिवशी तर तीनदा पाणी बदललं. मग पिळली, खांद्यावर टाकली, अनवाणीच बाहेर आली, दोरीवर घातली आणि दोरी तुटली. म्हणून गवतावर पसरली, नवरा नवी दोरी घेऊन येईपर्यंत. परतेपर्यंत पाय गवतालाच पुसले गेले असतील. डांगरी एखादा तास राहिली असेल. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय होतं?

तिने चप्पल काढली. मावशी "अगं, नको" म्हणेपर्यंत तिने पाय उचलून पहिल्या पावलावर धरला, न टेकवता, वरच्या वर. अंगठा अंगठ्यावर आला. टाच टाचेवर.

"पावणेनऊ," मावशी हळूच म्हणाली. मग तिला धीर द्यायला म्हणाली, "चला, चोर तरी सापडला. बाहेरचं कुणी नाही, हे बरंच की गं. दोन बादल्या पाणी ओत, गवत काय, पुन्हा येईल. आणि यापुढे पायात काहीतरी घालून तुडव."

तिने मान हलवली, पण तिचं लक्ष मावशीकडे नव्हतं. ती खिडकीकडे बघत होती. बुटकी गजांना धरून एका पायाने दुसऱ्या पायाचा तळवा खाजवत होती.

शेवटच्या पाण्याला बुटकी मोरीच्या दारात आली होती. मी पण नाचते, म्हणाली होती. आणि तिने पोरीला काखेत धरून घमेल्यात उभं केलं होतं. कितीतरी वेळ दोघी एकमेकींचे हात धरून थयथय नाचल्या होत्या. पाणी भिंतीवर उडलं होतं. मग ती डांगरी पिळत बसली आणि बुटकी ओल्या पायांनी बाहेर पळाली. झोक्याकडे.

संध्याकाळी तो आला. फाटकाबाहेर बूट काढले, कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. नेहमीच्या जागी बुटकी नव्हती म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं. ती झोक्याजवळ आईच्या कडेवर होती.

"अगं, पोरीला एवढा वेळ उचलून का धरलंयस? खेळू दे की."

"तुम्ही इकडे या."

"आंघोळ करून येतो."

"नको. आधी या."

तो आला. वाटेत त्याला दोरीखालच्या गवतातली पिवळी डांगरी दिसली. तो थबकला, वाढवलेल्या बाहीपाशी त्याची नजर अडकली, तिथून मागच्या दारापर्यंत गेली आणि पावलांवरून पुन्हा तिच्यापर्यंत आली. ती नुसती मान खाली घालून झोक्याच्या झाडाच्या बुंध्याजवळचं गवत बघत होती, पाऊल ठेवायला जागा शोधावी तशी.

"इथे काय आहे?" त्याने विचारलं.

"आज किती दिवस झाले, दोरी तुटली त्याला?"

त्याने बोटांवर मोजले. "दहा."

"आणि थोडं लागलं तर पंधरा, म्हणाला होतात."

"हो, पण इथे काय आहे?"

"अजून काही नाही," ती म्हणाली आणि तिने बुटकीचा एक तळवा वळवून त्याच्यासमोर धरला. मधोमध लाल चट्टा होता, कडेची कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली. बुटकीला गुदगुल्या झाल्या. ती हसायला लागली आणि सवयीने तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

त्याने हात पुढे केला. तळव्यापासून चार बोटांवर तो थांबला, तिथेच राहिला, पाणी टपकत.