तिसरी प्लेट

झुलालने गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट बाहेर काढली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून हुंगली.

"हाई बी जळनी, नाना."

प्रेमराजनाना बाकावर बसून होते. "दुकानदारनं माल खराब दिन्हा व्हई," एवढंच म्हणाले.

पण ते झुलालला पटत नव्हतं. माल वाईट असेल तर एकदा. दिवाळीपासूनची ही तिसरी प्लेट, आणि तीही दर वेळी वेगळ्या दुकानातली. त्याआधी नानांच्या व्हॅनची प्लेट वर्षानुवर्षं चालायची. सोनगीरच्या आसपासच्या खेड्यांत कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाच्या छातीत दुखलं, की पहिलं नाव नानांचं निघायचं. धुळ्याच्या दवाखान्यापर्यंत नाना गाडी अशी नेत, की मागे झोपलेल्या माणसाला गिअर बदललेला कळू नये. अशा हाताखाली प्लेट जळते कशी?

झुलालने सगळं तपासलं होतं. तेल गळून प्लेटवर येतंय का पाहिलं, कोरडं ठणठणीत. केबल अडकतेय म्हणावं तर नवी टाकून झाली. प्रेशरप्लेटही बदलली. जेवताना घास हातात तसाच राहायचा. एकदा कामिनी, त्याची बायको, वैतागून म्हणाली, "मन कोठे शे तुमनं?"

"क्लचमा," तो म्हणाला.

संध्याकाळच्या आत त्याने नवी प्लेट बसवली. क्लचच्या पेडलला हवी तेवढी ढील ठेवली आणि नानांच्या हातात चावी दिली. "आज तुम्ही चालाडा. मी बाजूले बसस. देखू दे, व्हस तरी काय."

गाडी किल्ल्याच्या बाजूच्या चढाला लागली. नानांनी गिअर टाकला तो लोण्यासारखा. पण थोडं पुढे जाताच इंजिन गुरगुरायला लागलं. आवाज वाढतोय, वेग मात्र वाढत नाही. मग तो वास. झुलाल सीटवर पुढे सरकला, कान लावले आणि सहज खाली पाहिलं.

नानांचा डावा पाय क्लचवर टेकलेला होता.

"नाना, पाय उचला."

"कोणता?"

"डावा. क्लचवर शे."

"नही रे. तो मी कव्हयना उचलेल शे."

आज कोणता वार आहे ते सांगावं, तसं नाना म्हणाले. आवाजात ना राग, ना लपवाछपवी. झुलालने पुन्हा वाकून पाहिलं. पाय पेडलवरच होता, आणि अनवाणी. चप्पल निसटून सीटखाली गेली होती.

"तुमनी चप्पल कोठे शे?"

"पायमा. आखो कोठे ऱ्हाई?"

"गाडी बाजूले ल्या, नाना."

नानांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. झुलालने खाली वाकून त्यांच्या अंगठ्यावर नख रोवलं. मग आणखी जोरात. नाना समोर रस्त्याकडे बघत वाट पाहत राहिले.

"काय शोधी ऱ्हायना रे तू?"

बिघाड सापडला की झुलालला हसू यायचं, ही त्याची जुनी सवय. आत्ताही ते आलं आणि ओठांवरच थिजलं. त्याने हात काढून घेतला. "मी तुमना अंगठाले नख रोवेल व्हतं, नाना."

नाना खाली बघायला वाकले. कातडीवर नखाची कोर उमटली होती. ते ती बराच वेळ पाहत राहिले, दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसे.

"साखर शे माले," शेवटी म्हणाले. "डॉक्टर बोलना व्हता, पाय बधिर व्हतीन. माले वाटनं, ब्रेकना पाय त उजवा शे."

झुलालची नजर त्यांच्या उजव्या पायाकडे गेली. नानांनीच उजव्या पायातली चप्पल काढली. "दाब."

झुलालने दाबलं.

"थोडंसं समजस," नाना म्हणाले. मग मान हलवली. "खोटं काब्र बोलू? नही समजत."

मागून एक ट्रक गेला आणि व्हॅन हलली. नाना मागच्या रिकाम्या सीटकडे वळून बघत होते. झुलालला एकाएकी आठवलं, परवाच त्याने आपल्या बहिणीला तिच्या तान्ह्यासकट याच सीटवर बसवून दिलं होतं.

नानांनी इंजिन बंद केलं आणि खिशातून फोन काढला. "सोनलना बाप का? हा, सोनलले दवाखानामा लई जावाले सकाळले गाडी येई. झुलाल चालाडी. मी बी येस, तठे माले सगळा वळखतस." फोन ठेवून त्यांनी झुलालला विचारलं, "येशी ना?"

"येसू, नाना."

दार धरून नाना उतरले, नजर खाली ठेवून एकेक पाऊल टाकत गाडीच्या पुढून डाव्या बाजूला आले. झुलाल तोवर स्टिअरिंगमागे बसला होता. नाना शेजारी बसले. हातांचं काय करावं त्यांना कळेना. शेवटी ते मांडीवर ठेवले.

गाडी निघाली. नव्या प्लेटने उरलेला चढ सहज घेतला. वळणाजवळ, जिथे इतकी वर्षं त्यांची नजर रस्त्यावरच असायची, नाना खिडकीकडे झुकले.

"झुलाल, हाई विहीर कव्हय खंदी रे?"

"कव्हयनी शे ती, नाना. तुमनी गाडी येवाना पहिलेनी."

"आस्सं?" नाना म्हणाले, आणि विहीर मागे पडेपर्यंत मान वळवून तिच्याकडे बघत राहिले.