फक्त हूक राहिले

"ताई, तुम्ही झोपल्यावर तुमचं काम कोण करते?"

प्रश्न माझा नव्हताच. बुलढाण्याहून एक ताई आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये दहावीच्या मुलींशी बोलायला आल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "मी झोपलेली असले तरी माझं काम चालू असतं." झालं! बाकावर शेजारी बसलेल्या मदिहाने मला कोपर मारलं. "विचार ना, भूत करते का म्हणा! विचारलं तर आठवडाभर माझ्या डब्यातला खिमा तुझा." मागच्या पोरी सुरू, "ही काय विचारते बे! हिचं तर 'हजर' पण ऐकू येत नाही." ते खरंच होतं. हजेरीला माझा आवाज इतका बारीक निघायचा की सर मला कितीतरी वेळा गैरहजर मांडून मोकळे व्हायचे.

तरी मी उठले आणि विचारलं. अख्खी खोली हसली, ताईही हसल्या. पण मग त्यांनी फळ्यावर दोन खोके काढले आणि मधे एक बाण. "भूत नाही, हा बाण करतो. एका ॲपमध्ये काही घडलं की दुसऱ्या ॲपने काय करायचं, ते आपण एकदाच सांगून ठेवायचं. कोड लिहायचा नाही. असं झालं की तसं कर, एवढंच."

मला त्या खोक्यांत सरळ आमचं दुकान दिसलं.

आमचं धामणगाव बढे गावात बसस्टँडजवळ 'छाया लेडीज टेलर' आहे. छाया म्हणजे माझी आई. त्याच गाळ्यात दाराशी मदिहाची अम्मी, सलीमा चाची, फॉल-पिको करते. आईचे पाय मशीनवर आणि मोबाईल मान वाकडी करून खांद्यावर. दिवसभर एकच प्रश्न, "झाला का माझा ब्लाऊज?" आणि एकच उत्तर, "झालाच आहे ना बाई! फक्त हूक राहिले."

कापड अजून पिशवीतून बाहेरही आलेलं नसतं. पण आई इतक्या मायेने म्हणते की समोरची बाई पुढचा प्रश्नच विसरते. चाची म्हणते, "छायाबाईच्या राहिलेल्या हूकांनी ट्रक भरंल."

आई खोटारडी नाही हं. तिला कुणाचं मन मोडवत नाही, एवढंच. हा गुण माझ्यातही उतरलाय. माझे बाबा, हरिओम, कृषी केंद्रात कामाला आहेत. ते रोज जेवताना विचारतात, "पुष्पांजली, अकरावीले सायन्सच ना? बुलढाण्याले आत्याकडे राहाचं सांगून ठेवू?" आणि मी रोज म्हणते, "ठरलंच आहे बाबा."

यंदा तुळशीचं लग्न झालं आणि आईला आजवरचं सगळ्यात मोठं काम मिळालं. अन्नपूर्णाबाईंच्या मुलीचं लग्न. नवरीचे, करवल्यांचे, आत्या-मावश्यांचे, सगळे ब्लाऊज आईकडे. त्यांच्या घरचं शिवण आजवर मलकापूरलाच जायचं. आई दूधवाल्यालासुद्धा सांगायची, "हे एक नीट पार पडलं ना भाऊ, तर गावातली कोणतीच नवरी मलकापूरले जात नाई." आणि बिघडलं तर काय, ते ती कोणालाच सांगत नव्हती.

म्हणून मी आणि मदिहा कामाला लागलो. एक फॉर्म केला, त्यात नाव, नंबर, काय शिवायचं. फॉर्म भरला की सगळं आपोआप शीटमध्ये. शीटमध्ये एक रकाना, त्यात निवडायचं: कापड आलं, कापलं, शिवलं, तयार. 'तयार' निवडलं की बाईला मेसेज. पहिला मेसेज आम्ही तपासायला म्हणून चाचीच्याच मोबाईलवर पाठवला, तर चाची उठून आईकडे हात पसरून उभी. "आण, माझा ब्लाऊज दे. तयार आहे म्हणते."

आईला शीट फार आवडली. अंगठ्याने एकेक ओळ सरकवत अगदी खरं खरं भरायची. तोंडाने हूक सांगायची आणि शीटमध्ये 'कापड आलं' लिहायची. तिला वाटलं, हे आपल्यापुरतं आहे.

आणि मला वाटलं, आईला सरप्राइज द्यावं! न सांगता मी अजून एक बाण जोडला. रोज सकाळी नऊ वाजता, ज्यांचं काम बाकी आहे त्यांना आपोआप मेसेज, काम कुठवर आलंय त्याचा.

दुसऱ्याच दिवशी रविवार होता, नऊ वाजत आले होते. मी दुकानात हूक-बटणांचा डबा लावत होते. आईच्या खांद्यावर मोबाईल, पलीकडे अन्नपूर्णाबाई. आवाज इतका मोठा की सगळ्या गाळ्याला ऐकू येतो.

"तुमचं तर झालंच आहे बाई," आई म्हणाली. "फक्त हूक..."

पलीकडे टिंग वाजलं. मग अन्नपूर्णाबाई सावकाश वाचायला लागल्या. "नमस्कार अन्नपूर्णाबाई. तुमचं काम: कापड आलं आहे. आपली, छाया लेडीज टेलर." जरा थांबून, "काऊन वं छाया? म्हणजे कापलंबी नाई?"

फोन कट.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला काही विचारायची गरजच नव्हती, माझं तोंडच सांगत होतं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मग पुन्हा. चाचीने कपाळावर हात मारला. "या अल्ला, पोरीनं सगळ्या गावाले खरं सांगून टाकलं!"

थोड्या वेळाने अन्नपूर्णाबाई स्वतःच आल्या, हातात रिकामी पिशवी. "दे माह्यं कापड. मी पाहुण्याइले सांगून बसली का ब्लाऊज झाले म्हणून. तुह्याच भरवशावर सांगतलं ना वं!"

आईने तोंड उघडलं. मला तो हूक तिच्या जिभेवर आलेला स्पष्ट दिसला. पण ती थांबली. कपाटातून नवरीच्या शालूचं ब्लाऊजपीस काढलं आणि टेबलावर पसरलं.

"नाई कापलं बाई. रोज काढते, रोज घडी घालून ठेवते. एवढासाच तुकडा आहे, कात्री चुकली तर दुसरा कुठून आणू? मले भेव वाटते याचं."

चाचीने मशीन थांबवलं.

"मंग आधी सांगता येत नव्हतं का?" अन्नपूर्णाबाईंचा आवाज जरा खाली आला.

"तुम्ही कापड वापस नेसान म्हणून नाई सांगतलं." आईने नाक पुसलं. "आता तुम्ही बसा समोर, मी कापते. नवरीचा ब्लाऊज पुढच्या सोमवारी. बाकीचे त्याच्या पुढच्या सोमवारी. त्याच्या आधी नाई होत, खरंच नाई होत."

अन्नपूर्णाबाई स्टुलावर बसल्या. पिशवीची घडी घालून मांडीवर ठेवली. "सोमवार म्हणजे सोमवारच का?"

"मेसेज येईन तुमाले," आई माझ्याकडे बोट करून म्हणाली. "माह्या तोंडावर जाऊ नका."

आधी चाची हसली, मग अन्नपूर्णाबाई, मग आई स्वतःच. आणि त्या हसण्यातच आईने कात्री उचलली. पहिला काप पडला तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. आईने नाही.

सोमवारी 'तयार'चा मेसेज गेला. नवरी दुकानातच ब्लाऊज घालून आरशासमोर उभी राहिली आणि मागे वळून आईच्या गळ्यातच पडली. बाकीचेही वेळेवर गेले. आता फोन फारसा वाजत नाही, तर आईलाच करमत नाही. परवा म्हणाली, "त्या रकान्यात अजून एक टाकून दे ना वं, 'फक्त हूक राहिले'." टाकून दिलं. खरंच हूक राहिलेल्या एका बाईला तो मेसेज गेला, तर ती धावत बघायला आली. तिचा विश्वासच बसेना.

त्याच रात्री जेवताना बाबांनी भाकरी मोडली आणि नेहमीचं विचारलं, "मंग, सायन्सचं ठरलं ना? आत्याले फोन लावू?"

माझ्या तोंडात 'ठरलंच आहे' अगदी तयार होतं. समोर आई माझ्याकडे बघत होती. तिने भुवया उंचावल्या. हूक ओळखला होता तिने.

"नाही बाबा," मी म्हटलं, आणि माझा आवाज स्वयंपाकघराच्या बाहेर गेला असेल. "रोज खोटं सांगत होते. सायन्स नाही. मी कॉमर्स घेणार आहे, त्यात आयटी घेणार आहे, आणि मोताळ्याच्या कॉलेजला बसने जाऊन-येऊन करणार आहे. रागवायचं असेल तर रागवा, पण आत्याला फोन लावू नका. माझं ठरलं. हूक-बिक काही राहिलेले नाहीत."