कच्चा वास

बायनाबाईने बाटली उघडून हुंगली, बंद केली आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. नागपूरची बस अजून कुरखेड्यात आली नव्हती.

बाटली तिच्या मुलीने, करिष्माने, नागपूरहून पाठवली होती. भांगेच्या बियांचे तेल. दुखण्यातून उठल्यापासून तिच्या नवऱ्याचे, लहानूचे, जेवण तुटले होते. हे तेल हृदयाला चांगले, रोज एक चमचा भातावर वाढ, असे करिष्माने फोनवर सांगितले होते; नशा होत नाही, हेही. तरी लहानू बायकोला म्हणालाच, "म्हातारपणी भांग चारून राह्यली का मले?" एक घास खाऊन त्याने ताट सारले. गवताचा वास येतो म्हणे.

बायनाबाईला त्यात नवल वाटले नाही. धान निघाले की शेताच्या बांधीतल्या ओलीवर जवस टाकायचे, ते दिवस तिला आठवले. घाण्यावरून आणलेले जवसाचे तेल घरात कोणी तसेच खात नसे. धूर निघेपर्यंत तापवायचे, कणकेची गोळी तळून फेकून द्यायची, की कच्चा वास जातो, सासूने शिकवलेले. तिने सगळी बाटली कढईत ओतली, तापवली, निववून परत भरली. त्या दिवशी लहानूने दुसऱ्यांदा भात मागितला. मग आठवडाभर रोज.

आणि आज सकाळी करिष्माचा फोन. बाबा आता तक्रार करत नाहीत, तेल तापवत नाहीस ना, असे विचारून, उत्तराआधीच ती म्हणाली होती, मी निघालेच आहे. तुला पथ्य जमत नसेल तर बाबांना घेऊन जाते.

हिरवे तेल आता कोऱ्या चहासारखे दिसत होते. सांडले म्हणून सांगावे, असे बायनाबाईच्या दहादा मनात आले. पण करिष्मा पाय धुऊन आत आली, तेव्हा तिने बाटलीच पुढे ठेवली.

"तापवलं मी. सबन बाटली."

करिष्माने बाटली उजेडात धरली. "माय, तापवलं का त्यातलं ओमेगा-थ्री जळते. त्याच्यासाठीच तं घेतलं होतं."

लहानूने भात कालवता कालवता हात पुढे केला. "आण इकडं. आता वास नाई येत त्याले."

बापाने ताट बोटाने पुसून घेतले, ते करिष्मा बघत राहिली.

तरी न्यायचे ते ठरलेच. तिकडे दवाखाना जवळ होता. इथे बांधीत धान कापणीला आले होते. त्यामुळे बायनाबाईला इथून हलता येत नव्हते. तिने लहानूची पिशवी भरली. करिष्माने ती बाटली मागून घेतली, झाकणाला प्लास्टिकची पन्नी बांधली. मग खाली बघतच विचारले, "कणकेची गोळी केवढी टाकतेस, माय?"

"बोरायेवढी."

बस गेली. घरी येऊन बायनाबाईने तेल तापवलेली, तेव्हापासून न घासलेली कढई खाली घेतली. तळाला तेलाचा ओशट थर होता. त्यातच मूठभर भात टाकून तिने कालवला आणि घास नाकाशी नेला.

वास पुरता गेला होता.