आडव्या दांड्यावर कर्नलीणबाई

"झुल्मे पोरी, फादर पवित्र भाकर वर धरतात तेव्हा आणि कबूतर छपरावर उतरतं तेव्हा, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

आई हे दोन्ही एका दमात सांगायची, जणू दोन्ही एकाच देवळात घडतं. ती देवाघरी गेली. मी अजून रोज सकाळी सहाला चर्चमध्ये मिस्सेला जाते, दुपारी माळ जपते, शुक्रवारी कॉफीत साखर घालत नाही, आणि कबूतर उतरताना ते बिचकू नये म्हणून श्वाससुद्धा हळू घेते. रूबे या गिरण्यांच्या गावात, आमच्या गल्लीत, हे कुणाला शिकवावं लागत नाही. घरटी खुराडं. शर्यतीच्या रविवारी दूरवरून सोडलेलं कबूतर घरी आलं, की त्याच्या पायातली रबरी कडी काढायची आणि धावत स्तेफानीकाकूंच्या बिअरखान्यातल्या, वेळेचा शिक्का मारणाऱ्या घड्याळात नेऊन टाकायची. कडी पडेपर्यंत कबूतर आलं असं कुणी मानत नाही.

लहानपणापासून सगळ्या गल्लीच्या कड्या माझा धाकटा भाऊ ऑक्ताव पळवायचा. मोठा झाल्यावर तो फुटबॉलमध्ये बचावाला उभा राहू लागला. चढाई करणाऱ्याला खांद्याने असा लोटायचा की तो चिखलात आडवा, आणि मग स्वतःच वाकून त्याला उठवायचा. "लागलं का रे राजा? ये, ऊठ." गोल त्याने कधी केला नाही. चेंडू मात्र इतका उंच मारायचा की निम्म्या वेळा तो आमच्या छपरावर सापडायचा, कारण आमचं घर मैदानाला लागून, गोलच्या मागेच.

त्या एप्रिलमध्ये देशाच्या संघात बचावाची एक जागा रिकामी झाली. माणूस निवडायला एका रविवारी पॅरिसहून एक मस्यू, म्हणजे बडे साहेब, येणार होते, आमच्याच मैदानावर, आणि पुन्हा येणार नव्हते. ऑक्तावची भूक गेली. बटाट्याचं ताट समोर तसंच.

"ताई, तुझ्या त्या संत अंतोनीला सांग ना माझ्याबद्दल."

"अरे, तो हरवलेल्या वस्तू शोधून देतो."

"मग माझी अक्कल शोध म्हणावं. मैदानात उतरलो की हरवते."

मी नोव्हेना धरली, नऊ दिवसांची प्रार्थना. बाबांना त्याचं काही नव्हतं. त्याच रविवारी मोसमातली पहिली शर्यत होती आणि त्यात आमची कर्नलीणबाई उतरली होती. कर्नलीणबाई म्हणजे आमची राखाडी मादी, छाती काढून चालणारी.

"चेंडू माझ्या छपराकडे आला, तर कापून टाकीन," बाबा म्हणाले.

"चेंडूला की मला?"

"जो आधी हाताला लागेल त्याला."

सामना कालव्यापलीकडच्या संघाशी होता. मस्यू पुढच्याच बाकावर, उंच टोपी घालून. मी मागे, खिशात माळ. ऑक्तावचं सगळंच चुकत होतं. एकदा तर त्याने स्वतःच्याच गोलरक्षकाला पाडलं. आणि कबुतरासाठी वर मान करून आभाळ बघायची सवय काही सुटेना. शेवटी व्हायचं तेच झालं. तो ढगांत बघत राहिला आणि त्यांचा गिस्लां, लाल केसांचा, त्याच्या बगलेतून चेंडू घेऊन निसटला. पुढे मोकळा गोल.

तेवढ्यात कर्नलीणबाई आली. गर्दी बघून बिचकली असावी. छप्पर सोडून गोलच्या आडव्या दांड्यावर बसली, अगदी मधोमध.

सगळं मैदान गप्प झालं. गोलरक्षक वाकलेला तसाच वाकलेला. गिस्लांचा पाय चेंडूवर टेकून थांबला. पंच स्वतः कबुतरवाले, त्यांनी तोंडातली शिट्टी अलगद काढून खिशात ठेवली.

"अहो, मारा की!" मस्यू ओरडले. "गोल मोकळा आहे!"

अख्खं मैदान त्यांच्याकडे वळलं. "श्श्श!" शेजारच्या बाईने तर सरळ त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

बाबा मोज्यांवरच बाहेर आले, डब्यातले दाणे हळूच खुळखुळवत. "ये गं माझी बाई, ये." कर्नलीणबाई मान फिरवून बसली. ऑक्ताव दबकत दांड्याखाली आला. हात पुरेना. तेव्हा गिस्लांने काय करावं? खाली वाकला आणि कुजबुजला, "चढ लवकर. आणि बूट माझ्या कानात घालू नकोस."

ऑक्ताव त्याच्या खांद्यावर चढला, बाईला दोन्ही हातांत घेतलं, कडी काढली आणि खाली उतरून बाईला बाबांच्या हाती सोपवलं.

"गिस्लां, हिचं पहिलं पिल्लू तुझं!" म्हणाला आणि कुंपणावरून उडी मारून नाहीसा झाला.

मग जो गलका उठला! मस्यू टोपी हातात घेऊन उठून उभे राहिले. "सामना सोडून पळाला?"

"पळाला नाही हो, कडी टाकायला गेलाय," बाबा म्हणाले. "स्तेफानीकडे. चर्चच्या पलीकडे."

मस्यूंनी चर्चचं टोक शोधलं. गिरणीच्या धुरापलीकडे ते जेमतेम दिसत होतं. मी माळ घट्ट धरली. संत अंतोनी, अक्कल राहू दे, हा पोरगा तेवढा परत आण.

पंचांनी बराच वेळ शिट्टी शोधल्यासारखं केलं, मग नाइलाजाने वाजवली. गिस्लांने चेंडू पुढे घेतला. आणि कुंपणावरून ऑक्ताव आला, लालबुंद, सदरा बाहेर. जमिनीला पाय लागले तसा सरळ गिस्लांवर. काय तो खांदा! गिस्लां डबक्यात, आणि चेंडू वर, वर, आमच्या छपरावर.

"माझं खुराडं!" बाबा किंचाळले.

"चर्चपलीकडून हा गाडीने आला का?" मस्यूंनी विचारलं.

"गाडी-घोडं परवडलं असतं, तर याला कशाला पोसला असता?"

मस्यू पहिल्यांदाच हसले. "नाव काय याचं?"

बाबा अजून छपराकडेच बघत होते. मग सगळं मैदान ओरडलं, कालव्यापलीकडचेसुद्धा, डबक्यातून गिस्लांसुद्धा. "ऑक्ताव!"

तो देशासाठी एकच सामना खेळला, सीमेपलीकडे, बेल्जियममध्ये. भरपूर गोल खाऊन हरले. घरी येऊन एकेक गोल खुर्च्या मांडून करून दाखवला. आम्ही पोट धरधरून हसलो. पुन्हा बोलावणं आलं नाही. जेवणाची वेळ मात्र त्याने एकदाही चुकवली नाही.

जूनमध्ये कर्नलीणबाईचं पिल्लू दाणे टिपू लागलं. बाबांनी बजावलं, "माझ्या बाईचं पिल्लू त्या कालव्यापलीकडच्याला? मी जिवंत असेपर्यंत नाही." ऑक्तावने वाद घातला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या सकाळी मिस्सेला निघाले, तर तो जिन्यावरून मोज्यांवर उतरत होता. एका हातात बूट, दुसऱ्या हातात फडक्याने झाकलेली टोपली. आत काहीतरी खुडबुडत होतं. माडीवर बाबा घोरत होते.

मी दार त्याच्यासाठी धरून ठेवलं. त्याने पायरीवर बसून बूट घातले, टोपली कोटाखाली घेतली आणि कालव्याच्या दिशेने चालू लागला, एरवी कधी चालत नाही इतका हळू, पिल्लाला धक्का लागू नये म्हणून.