पवनारच्या बंगल्याचं नाव

पवनारले नदीच्या रस्त्यावर जुना बंगला आहे न, तो आमचा. म्हणजे होता. माह्या मालकानं, प्रभाकररावानं, तो बाबारावकडून घेतला, फाटकावर आपल्या नावाची पाटी लावली अन् थोड्याच वर्षांत देवाघरी गेले. मग मी एकटीच. पण गाव काय म्हणे? बाबारावचा बंगला! दर दिवाळीले मी पाटी रंगवो, अन् लोकं तिच्याच खाली उभे राहून मले विचारत, बाबारावचा बंगला हाच काय म्हणून. असं डोकं फिरे माहं!

आमाले पोरबाळ नाई. मालकाचं नाव मागं राह्यलं तर त्या घरालेच राहीन, एवढीच आस होती. शेवटी शेजारच्या भैय्याजीले धरलं. म्हाताऱ्याले सारं तोंडपाठ. बंगला बांधला एका इंग्रज साहेबानं, कापसाच्या जिनवाल्यानं. विलायतेतल्या आपल्या घराचं नाव त्यानं दगडावर कोरून फाटकात बसवलं. पण तो राहे तोवर लोकं म्हणत तानबाची अमराई, कारण जागा पहिले तानबाची. साहेब परत गेला, तवा झाला साहेबाचा बंगला. पुढं बाबाराव तिथं राहाले आला, तरी साहेबाचाच. त्यानं आमाले विकला, तवा कुठं बाबारावचा.

"माणूस घर सोडून गेल्यावरच आपलं गाव घराले त्याचं नाव देते, बाई," भैय्याजी म्हणाला.

मी म्हटलं, हे तर कवाचेच सोडून गेले.

"पण तुमी आहा न अजून."

त्या दिवशी जेवण गेलं नाई मले. त्यांचं नाव मीच अडवून बसली होती! मग किराणावाल्या योगेंद्रले बंगला विकून टाकला अन् वर्ध्याजवळ सिंदी मेघेले एक खोली घेतली. योगेंद्रनं पाटी काढली, तेबी चालवून घेतलं.

यंदा संक्रांत झाल्यावर राहवलंच नाई. पवनारच्या स्टँडवर उतरली अन् मुद्दामच ऑटोवाल्याले म्हटलं, नदीच्या रस्त्यावर जुना बंगला आहे, तिथं जायचं.

"प्रभाकररावचा बंगला न? बसा, मावशी."

ऊर भरून आला माहा. वाटलं, घरी जाऊन मालकाले सांगावं. एक पाय ऑटोत ठेवला, तर तो सहज विचारते, "कोणाकडं जाता तिथं?"

मी पाय खाली घेतला. राहू दे बापा म्हटलं, तिथं माहं कोणी नाई. अन् वर्ध्याच्या गाडीची वाट पाहत बसली.