हौदापाशी काय झालं

चिमणाबाईनं जन्मात कुणापुढं मान तुकवली नव्हती. निरीक्षणगृहाच्या बाकावरही ती ताठच बसली होती. समोर मुलांच्या चौकशीचं काम बघणाऱ्या तेजस्वी मॅडम कागद भरत होत्या. शेजारी नातू ऋतुराज, सतरा वर्षांचा, मारामारीच्या केसमधला. गेल्या आठवड्यात त्यानं इथल्याच एका पोराचा दात पाडला होता. आता त्याला इथंच ठेवायचं की दांडग्या पोरांच्या, कडक बंदोबस्तातल्या लांबच्या गृहात धाडायचं, ते मॅडमच्या अहवालावर ठरणार होतं. तिकडं गेला की वर्षातनं एकदा तोंड दिसलं तरी पुष्कळ.

“घरी कसा होता?” मॅडमनी विचारलं.

“वाघ हुता की. तालमीत दोघास्नी एका दमात लोळवायचा. आमच्या घरात भित्रं कुणी जल्मलंच न्हाय.”

मॅडमनी काहीतरी लिहिलं. चिमणाबाईला वाचता कुठं येत होतं? “काय लिवलंसा?”

“आक्रमक. आधीपासूनच.”

 चिमणाबाई घराचं नाव राखायला गेली आणि पोराला आपल्याच हातानं त्या लांबच्या गृहाच्या गाडीत बसवून मोकळी झाली.

“त्यानं मारलं कशापायी, ते लिवलं का?”

“तो सांगतच नाही. आंघोळीच्या वेळी हौदापाशी मस्करी चालली होती, एवढंच कळलंय.”

हौद. चिमणाबाई नातवाकडं वळली. “डोस्कं पाण्यात दाबलं व्हय रं तुजं?”

“आज्जे, गप बस.” त्याचे कान लाल झाले.

“मॅडम, खोडा ते वाघबिघ. आठ वर्साचा हुता तवा हिरीत पडलाय ह्यो. मेला म्हणूनच वर काढला हुता. तवापास्नं तोंडावर पाणी घेत न्हाय. पोरं म्हशी धुवाय उतरली की ह्यो काठावर. आन् मी गावाला सांगती, त्येला सर्दी झालीया.”

“मला तिकडं पाठवा,” ऋतुराज खाली बघत म्हणाला, “पर ह्ये लिवू नका. पोरं जगू द्याची न्हाईत.”

“लिवा,” चिमणाबाई म्हणाली. “दात पाडला, त्येची शिक्षा द्या. पर भ्यालेलं पोर दांडग्यांत ढकलू नगा.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हा कागद पोरांच्या हाती जात नाही, ऋतुराज. दाबलं होतं डोकं?”

 तो पुटपुटला, “दोघांनी. तिसऱ्यानं पाय धरलं हुतं.”

मॅडमनी कोरा कागद ओढला. इथंच ठेवावं, हौदापाशी माणूस उभा करावा, असं लिहून त्यांनी ते चिमणाबाईला वाचून दाखवलं. शेवटचा शब्द बाल न्याय मंडळाचा, पण शिफारस सहसा डावलत नाहीत, म्हणाल्या.

शिपाई न्यायला आला. ऋतुराजनं आजीकडं बघितलंही नाही. “बुधवारी भेटीला येऊ नगंस.”

“येणार,” चिमणाबाई म्हणाली. “तू तोंड फिरवून बस खुशाल. मी पाठीसंगं बोलीन.”